यंत्राची स्मृती आणि शाळेची नोंदवही

प्रस्तुत स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांची यादी द्यावयाची, असे संपादक मंडळाने ठरविले आणि ते काम आमच्याकडे सोपविले. आम्ही इतिहासाचे शिक्षक. जुनी दप्तरे उघडणे आणि त्यांतील नोंदी ताडून पाहणे हा आमच्या आवडीचा विषय. दाखल-खारीज रजिस्टरातील नावे, गावे आणि जन्मतारखा संगणकावर उतरविण्यासाठी आम्ही वसतिगृहातील अकरावीच्या एका विद्यार्थ्याची मदत घेतली. आईवडील वीटभट्टीच्या कामावर असल्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीतही तो शाळेतच राहिला होता.

सुमारे आठशे नोंदी झाल्यावर आम्ही यादी तपासावयास बसलो आणि चक्रावलो. २००१ साली पाचवीत दाखल झालेल्या एका मुलीचे जन्मवर्ष यादीत १९९९ होते! मूळ रजिस्टरात ते १९९१ होते. दुसऱ्या एका विद्यार्थ्याचा ४१० हा दाखल क्रमांक ४१८ झाला होता. एका 'रमेश'चा 'समेश' झाला होता. अशा अकरा चुका निघाल्या. आम्ही त्या मुलास चारचौघांत बोललो. "सर, मी बरोबरच टाकलं होतं जी," एवढेच तो म्हणाला. आम्ही त्याचे ऐकले नाही.

आमचा राग निष्कारण नव्हता, हे वाचक जाणतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या जन्माची नोंद कोणी ठेवली नाही, त्या घरांतील पहिली लेखी जन्मतारीख बहुधा शाळेच्या रजिस्टरातच सापडते. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, नोकरी, निवृत्तिवेतन अशा प्रत्येक ठिकाणी त्या एका ओळीचा आधार लागतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव १९१४ या क्रमांकावर नोंदले गेले. ती नोंद आजही वाचता येते आणि तिच्या स्मरणार्थ ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेच्या नोंदवहीतील एका ओळीचे मोल इतके असते. ती ओळ बिघडली, तर दोष कोणाचा हे ठरविण्याची घाई आम्ही केली. ती चूक होती, हे पुढे कळले. ते कसे कळले हे सांगताना संगणकाच्या स्मृतीचे, म्हणजे ज्यास आपण 'रॅम' म्हणतो त्या वेगवान चिपांचे, गुणदोषही वाचकांपुढे ठेवावेत, हा या लेखाचा हेतू आहे.

चुकांमधील शिस्त

दोन दिवसांनी तो विद्यार्थी एक कागद घेऊन आमच्याकडे आला. अकराही चुका त्याने एकाखाली एक मांडल्या होत्या. जेथे आकडा चुकला होता, तेथे १ चा ९ झाला होता किंवा ० चा ८ झाला होता. ९ चा १ एकदाही झाला नव्हता. एका ठिकाणी २ या आकड्याच्या जागी दोन टिंबे एकावर एक, म्हणजे अपूर्णविरामाचे चिन्ह आले होते. "सर, माणूस चुकला तर कसाही चुकल. हे एकाच पद्धतीनं कसं चुकलं?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्यास दूरध्वनी केला. त्याने तो कागद वाचून घेतला आणि पहिलेच वाक्य उच्चारले, "सर, पोराची चूक नाही. रॅम खराब आहे."

त्याने केलेला खुलासा असा. संगणकास अक्षर कळत नाही, आकडाही कळत नाही. त्यास केवळ 'आहे' आणि 'नाही' या दोन अवस्था कळतात. त्या आपण १ आणि ० अशा लिहितो आणि अशा प्रत्येक घरास 'बिट' म्हणतो. आपण कळफलकावर १ हा आकडा दाबला, की स्मृतीत ००११०००१ अशी आठ बिटांची खूण उमटते. ९ ची खूण ००१११००१ आहे. दोहोंत फरक एकाच घराचा, उजवीकडून चौथ्या घराचा. ० ची खूण ००११०००० आणि ८ ची ००१११०००. येथेही फरक त्याच घरात. २ ची खूण ००११००१०. तिचे चौथे घर १ केले, की जी खूण तयार होते ती अपूर्णविरामाची. 'र' आणि 'स' या अक्षरांच्या खुणांतही नेमके हेच अंतर आहे. म्हणजे कोठेतरी उजवीकडून चौथे घर ० असावयास हवे असता १ होत होते. ९ आणि ८ मध्ये ते घर आधीच १ असल्यामुळे त्यांचे काही बिघडत नव्हते. अकरा चुकांचे एकच कारण निघाले, आणि ते कारण कोणाच्याही बोटांत नव्हते.

गळक्या मडक्यांची रांग

आता ही स्मृती असते कशी ते पाहू. आजच्या रॅम चिपेत प्रत्येक बिटासाठी एक अतिसूक्ष्म कॅपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर असतो. १९६८ साली आयबीएम कंपनीचे रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट मिळाले. कॅपॅसिटर म्हणजे विद्युतभार साठविणारे मडके आणि ट्रान्झिस्टर म्हणजे त्याचे झाकण, असे समजावे. मडके भरलेले की रिकामे, यावरून १ की ० हे ठरते. अशी मडकी आडव्या ओळींत आणि उभ्या स्तंभांत मांडलेली असतात. दोन जीबीच्या एका पट्टीत त्यांची संख्या सुमारे १,७१८ कोटी भरते.

मात्र ही सारी मडकी गळकी आहेत. भरलेला भार क्षणाक्षणाने झिरपत असतो. म्हणून संगणक दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदास सुमारे पंधरा वेळा, प्रत्येक मडके वाचतो आणि पुन्हा काठोकाठ भरतो. वीज जाताच रॅममधील सारे पुसले जाते, ते यामुळेच. उष्णता वाढली की गळती वाढते. चिपेचे तापमान ८५ अंशांपलीकडे गेल्यास हे भरणे दुप्पट वेगाने करावे, असा उद्योगाचा नियमच आहे.

एखाद्या स्तंभातील मडकी निर्मितीतच कच्ची राहिली, तर ती थंडीत टिकतात आणि उन्हाळ्यात दगा देतात. आमच्या बाबतीत हेच घडले. स्मृती तपासणारा एक प्रोग्राम असतो. तो सर्व घरांत ठरावीक खुणा लिहितो आणि परत वाचून ताडतो. तो आम्ही रात्रभर चालविला, तर सकाळी एकही दोष नाही! पुन्हा मनात शंका आली. परंतु पुण्याहून सूचना आली, "सर, भर दुपारी चालवा." यवतमाळचा मे महिना, बाहेर ४४ अंश आणि प्रयोगशाळेवर टिनाचे छत. दुपारी दोनच्या सुमारास पडद्यावर दोषांच्या लाल ओळी उमटू लागल्या आणि प्रत्येक ओळीत चूक होती ती त्याच चौथ्या बिटाची. मुलाने नोंदी दुपारीच केल्या होत्या, कारण सकाळी प्रयोगशाळा इतर वर्गांसाठी असे.

मुंबईचा संगणक आणि आकाशातील किरण

इतिहासाच्या विद्यार्थ्यास येथे थोडे मागे वळून पाहावेसे वाटते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच देशातील अभियंत्यांनी घडविलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याची स्मृती चुंबकीय कड्यांची होती आणि तीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे एकूण ८१,९२० बिट. आज बोटभर पट्टीत त्याच्या दोन लाखपट बिट मावतात. घरे जितकी लहान झाली, तितका त्यांतील भार तुटपुंजा झाला आणि तो उलटविण्यास लहानसे कारणही पुरू लागले.

१९७८ साली इंटेल कंपनीच्या संशोधकांनी दाखविले, की चिपेच्या वेष्टनातील मातीत अंशमात्र युरेनियम व थोरियम असल्यास त्यांतून निघणारे कण बिट उलटवितात. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी विश्वकिरणांकडे बोट दाखविले. टाटा संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांनी १९३७ साली हाइटलर यांच्यासह याच विश्वकिरणांच्या वर्षावाची मीमांसा केली होती. ज्या किरणांचा अभ्यास त्यांनी केला, ते पुढे संगणकाच्या स्मृतीचे शत्रू ठरावेत, हा इतिहासातील एक योगायोगच. २०१४ साली आणखी एक दोष उजेडात आला. एकच ओळ अतिजलद वारंवार वाचली, तर शेजारच्या ओळीतील मडकी हिंदकळून रिती होतात.

अशा चुका विरळ असतात, असे कोणी मानू नये. गूगलच्या संगणकांवरील २००९ च्या अभ्यासात वर्षभरात सुमारे एकतृतीयांश यंत्रांत स्मृतीची निदान एक तरी चूक आढळली. २००३ साली बेल्जियममधील शारबीक येथे मतमोजणीत एका उमेदवारास ४,०९६ मते अधिक दिसली. तितकी मते मिळणेच शक्य नसल्यामुळे संशय आला. ४,०९६ ही संख्या म्हणजे दोनचा बारावा घात, अर्थात नेमके एक बिट. मतदारांची मूळ कार्डे पुन्हा वाचली, तेव्हा मोजणी दुरुस्त झाली. बिट कशाने उलटले ते हाती लागले नाही. विश्वकिरण हे संभाव्य कारण मानले जाते.

उपाय: आडवी बेरीज, उभी बेरीज

यावर मानवाने शोधलेले उपाय शिक्षकास सहज समजतील असे आहेत. आपण गुणपत्रकाच्या तक्त्यात आडवी बेरीज करतो, उभीही करतो. एका विद्यार्थ्याचा एक गुण चुकला, तर त्याच्या ओळीची बेरीज जुळत नाही आणि त्या विषयाच्या स्तंभाचीही जुळत नाही. जेथे ती ओळ आणि तो स्तंभ एकमेकांस छेदतात, तेथे चूक. १९५० साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे रिचर्ड हॅमिंग यांनी याच जातीची, परंतु अधिक काटकसरीची पद्धत प्रसिद्ध केली. सुट्टीच्या दिवशी चालणारे त्यांचे यंत्र चूक आढळताच काम सोडून देई. चूक कळते, तर ती कोठे आहे हेही यंत्रास कळावयास हवे, या त्राग्यातून तो शोध लागला. आज बँकांच्या आणि मोठ्या संस्थांच्या संगणकांत दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट याच कामासाठी ठेवलेले असतात. एक बिट चुकल्यास ते तत्क्षणी दुरुस्त होते, दोन चुकल्यास निदान कळते. शाळेच्या स्वस्त संगणकांत ही राखण नसते. त्यामुळे चूक होते आणि कोणास पत्ताही लागत नाही.

दुसरा उपाय वाईट जागा सोडून देण्याचा. कारखान्यातच चिपेत काही जादा ओळी व स्तंभ ठेवलेले असतात आणि नासक्यांच्या जागी ते जोडले जातात. लिनक्स प्रणालीस 'अमुक पत्त्यांवर काही ठेवू नकोस' असे बजावताही येते. या युक्तीचे भव्य उदाहरण म्हणजे १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचे संदेश निरर्थक झाले. एक स्मृती-चिप निकामी होऊन त्या संगणकाची सुमारे तीन टक्के स्मृती बाधित झाली होती. सुमारे २,४०० कोटी किलोमीटरवर जाऊन चिप कोण बदलणार? अभियंत्यांनी तेथील आज्ञावलीचे तुकडे केले आणि जेथे जागा मिळेल तेथे ते विखरून ठेवले. १८ एप्रिल २०२४ रोजी आज्ञा गेली. ती पोहोचण्यास साडेबावीस तास आणि उत्तर येण्यास तितकेच. २० एप्रिल रोजी यान पुन्हा बोलते झाले.

आमचा उपाय याहून पुष्कळ साधा होता. संगणकात दोन पट्ट्या होत्या. आधी त्या काढून त्यांची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसली, कारण कित्येकदा धूळ आणि गंज हाच खरा दोष असतो. फरक पडला नाही. मग एकेक पट्टी लावून दुपारीच तपासणी केली. एक निर्दोष निघाली, दुसरी सदोष. सदोष पट्टी काढून टाकली. यंत्र थोडे मंद झाले, पण खरे बोलू लागले.

ऋण आणि विनंती

ज्यांच्या शब्दास आजवर मान नव्हता त्यांच्या मुलांना आपल्या शाळेने 'पुरावा दाखव, मग बोल' हे शिकविले. त्या मुलाने नेमके तेच केले. पुरावा न पाहता बोललो ते आम्ही, एम. ए. इतिहास! पुढच्या परिपाठाच्या वेळी आम्ही सर्व विद्यार्थ्यांसमोर त्याची क्षमा मागितली. तो संकोचला आणि "सर, यादी पुन्हा ताडायची ना?" एवढेच त्याने विचारले.

या अंकातील यादी एकाने मूळ रजिस्टर वाचून आणि दुसऱ्याने छापील प्रतीवर बोट ठेवून, अशी दोनदा ताडली आहे. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या यंत्रांवर ठेवल्या आहेत आणि जुने रजिस्टर लोखंडी कपाटात जपून ठेवले आहे. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की त्यांनी या यादीत आपले नाव आणि जन्मवर्ष अवश्य पाहावे. काही चुकले असल्यास शाळेच्या कार्यालयात कळवावे. यंत्राची स्मृती सेकंदास पंधरा वेळा भरावी लागते. शाळेची स्मृतीही कोणीतरी अधूनमधून वाचून पाहिली, तरच ती शाबूत राहील.