ब्लॉग कुठे लिहावा?



संतकवी आणि नाटककारांच्या या व्याख्यानमालेत संगणकाचा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण आपल्या बडोद्यात मराठी लिहिणाऱ्याची अडचण लिहिण्याची कमी आणि छापून येण्याची जास्त आहे. दांडियाबाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांत आजोबांच्या रोजनिश्या आहेत, संस्थानी नोकरीच्या आठवणी आहेत, मंगलाष्टकांच्या वह्या आहेत, आणि गुजराती शब्द सहज सामावून घेतलेली आपली मराठी आहे. त्यासाठी पुण्या-मुंबईचा प्रकाशक धावत येणार नाही. ब्लॉग, किंवा काही जण म्हणतात तशी अनुदिनी, इथे कामाला येते. खर्च जवळजवळ नाही, संपादकाची वाट पाहणे नाही, आणि परदेशातली नात त्याच दिवशी वाचू शकते. प्रश्न एवढाच की तो कोणाच्या जागेत लिहायचा.

बहुतेक जण विचारतात, सोपे कोणते? दिसायला चांगले कोणते? मी आधी वेगळेच विचारतो. उद्या ही जागा सोडावी लागली, तर आपले सामान बाहेर काढता येईल का? कारण जागा सोडावी लागते. याहूची जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये बंद झाली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. फुकट होते म्हणून गेले, असे म्हणाल, तर २००३ पासून वर्गणी घेऊन चालणारी टाइपपॅड ही सेवासुद्धा सप्टेंबर २०२५ अखेर बंद पडली.

याहून बोधक गोष्ट आपल्याकडचीच आहे. गूगलच्या ब्लॉगर सेवेवरचे ब्लॉग ‘ब्लॉगस्पॉट डॉट कॉम’ या पत्त्यावर असतात. २०१२ पासून भारतातल्या वाचकाला गूगल ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ या पत्त्यावर नेऊ लागले. साहजिकच लोकांनी तोच पत्ता एकमेकांना कळवला, लेखांत दिला, पुस्तकांत छापला. २०२० मध्ये ते नाव गूगलच्या हातून गेले आणि तसे दुवे निकामी झाले. लेख जागच्या जागी शाबूत होते, फक्त तिथे जायचा रस्ता मोडला.

म्हणून पहिला सल्ला : पत्ता स्वतःचा घ्या. त्याला डोमेन म्हणतात. साधारण हजार-दीड हजार रुपये वर्षाला भरून आपल्या नावाचा किंवा घराण्याच्या नावाचा पत्ता नोंदवता येतो. तो कुठल्याही सेवेकडे वळवता येतो. सेवा बदलली तरी वाचकाला तोच पत्ता चालतो. वर्षाचे पैसे भरायचे राहिले की मात्र नाव जाते, तेव्हा एकदम काही वर्षांचे भरलेले बरे.

आता जागा. ब्लॉगर १९९९ मध्ये सुरू झाले आणि २००३ मध्ये गूगलने ते विकत घेतले. फुकट आहे, वापरायला सोपे आहे, स्वतःचे डोमेन जोडायला वेगळे पैसे घेत नाही, आणि सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो. उणीव अशी की गूगलचे त्याच्याकडे फारसे लक्ष दिसत नाही. वर्डप्रेस २००३ मधले. त्याची दोन रूपे आहेत आणि लोक त्यांत नेहमी गोंधळतात. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा. फुकट घेतली तर जाहिराती दिसतात आणि स्वतःच्या डोमेनसाठी पैसे पडतात. वर्डप्रेस डॉट ऑर्ग म्हणजे नुसती प्रणाली. ती फुकट मिळते, पण ठेवायला सर्व्हरवर जागा भाड्याने घ्यावी लागते आणि डागडुजी आपणच करायची. ‘माझा पुतण्या बघेल’ असे म्हणून हा मार्ग धरणारे पुष्कळ असतात. पुतण्या नोकरीसाठी कॅनडाला जातो आणि साइट तशीच पडून राहते. मिडियम आणि सबस्टॅक ही नावेही ऐकली असतील. पहिल्यात लेख वर्गणीच्या भिंतीआड जाऊ शकतो. दुसरे ईमेलने लेख पाठवायला चांगले, पण घरच्या आठवणी वर्षानुवर्षे नीट लावून ठेवायला मला ते फारसे सोयीचे वाटत नाही.

साठी ओलांडलेल्या, नुसते लिहायचे आहे अशा माणसाला मी सांगेन : ब्लॉगर, आणि त्याला स्वतःचे डोमेन. पुढे कंटाळा आला तर ती फाइल वर्डप्रेसमध्ये घेता येते.

‘आम्ही फेसबुकवर लिहितोच की,’ असे कोणी म्हणेल. जरूर लिहा, वाचक तिथेच आहेत. पण तीन वर्षांपूर्वीचा आपलाच लेख तिथे शोधून पाहा, म्हणजे फरक कळेल. मूळ लेख ब्लॉगवर ठेवावा आणि त्याचा दुवा फेसबुकवर, व्हॉट्सअ‍ॅपवर द्यावा.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. इंग्रजीतली मार्गदर्शक पुस्तके त्या सांगत नाहीत. एक, शीर्षक मराठीत दिले की ब्लॉगर लेखाच्या पत्त्यात नुसते ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि आकडा घालतो, तर वर्डप्रेस प्रत्येक देवनागरी चिन्हाचे नऊ रोमन चिन्हांत रूपांतर करतो आणि काना-मात्रा धरून वीस-बावीस चिन्हांनंतर पत्ता तोडतो. प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्त्यासाठी दोन-तीन शब्द रोमन लिपीत स्वतः लिहावेत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्यांनी पूर्वी श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फाँटमध्ये टंकन करून ठेवले आहे, त्यांनी ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावे. नाहीतर वाचकाला नुसती अगम्य अक्षरे दिसतात आणि शोधयंत्रालाही काही सापडत नाही. पणजोबांच्या मोडी दप्तराची जी गत झाली, तीच या फाइलींची होते : मजकूर घरात आहे, वाचणारा नाही.

प्रतीही ठेवाव्यात. दर दिवाळीला सगळा ब्लॉग उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावा. छायाचित्रे वेगळी तपासावीत, ती पुष्कळदा त्या फाइलमध्ये येत नाहीत. पन्नासेक लेख झाले की कागदावर छापून बांधून घ्यावेत आणि एक प्रत वाचनालयात द्यावी. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ज्या शहरात ग्रंथालयांची घडी बसवली, तिथे हे वेगळे सांगायला नको.

शेवटचा मुद्दा किल्लीचा. वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरले गेले नाही तर ते आतल्या मजकुरासह काढून टाकता येईल, असे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. लिहिणारा माणूस गेल्यावर दोन वर्षे भराभर जातात. त्याच खात्याच्या सेटिंगमध्ये निष्क्रिय खात्याची एक सोय आहे. ठरावीक महिने आपली हालचाल दिसली नाही, तर कोणाला कळवायचे आणि त्याला काय उतरवून घेऊ द्यायचे, हे तिथे आधीच सांगून ठेवता येते. दहा माणसांपर्यंत नावे देता येतात. मुलाचे किंवा सुनेचे नाव द्या. डोमेन कुठे नोंदवले, पैसे केव्हा भरायचे, हे एका कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवा. आणि मुलांना देवनागरी सराईतपणे वाचता येत नसेल, तर तेवढी चिठ्ठी गुजरातीत किंवा इंग्रजीत लिहा.