रुग्णालयातील यंत्रे आणि नवा तंत्रज्ञ

हृदयालेख काढणारे यंत्र खरे बोलत आहे की खोटे, हे खाटेवरील रोग्यास कळण्याचा काही मार्ग नसतो. घाईत असलेल्या वैद्यासही ते नेहमी कळतेच असे नाही. एक मिलिव्होल्टाचा संकेत दिला असता नेहमीच्या मापनात कागदावरील रेघ बरोबर १० मिलिमीटर उंच गेली पाहिजे आणि कागद सेकंदास २५ मिलिमीटर या वेगाने सरकला पाहिजे. हे पडताळून पाहणारा मनुष्य निराळाच असतो. त्यास जीववैद्यक उपकरण तंत्रज्ञ असे म्हणतात. पदविका अथवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वैद्यकीय इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम पुरा करून अनेक तरुण-तरुणी या कामावर रुजू होतात.

पहिले काही आठवडे नवख्याचा बहुधा हिरमोड होतो. मोठमोठ्या यंत्रांची अंतरंगे उघडावयास मिळतील अशी त्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात ‘यंत्र बंद पडले’ असा निरोप येतो तेव्हा तेथे जाऊन पाहावे, तर खटक्यातील खिळ ढिली झालेली असते, रोग्याला जोडावयाची तार आतून तुटलेली असते, किंवा प्राणवायू-संहत यंत्राची गाळणी धुळीने बुजून गेलेली असते. अशा वेळी पेचकस हाती घेण्यापूर्वी परिचारिकेस चार प्रश्न विचारणे अधिक उपयोगी पडते. यंत्र नेमके केव्हा व काय करीत असता थांबले, हे तिच्याइतके कोणास ठाऊक नसते.

परंतु या कामाचा खरा कठीण भाग डोळ्यांना दिसत नाही. विजेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्रातील जिवंत तारा आणि त्याची धातूची पेटी यांच्यामधून अत्यल्प प्रवाह सतत झिरपत असतो. विद्युत्‌रोधक कितीही उत्तम असला तरी प्रत्यावर्ती प्रवाहाच्या बाबतीत ही गळती पूर्णपणे थांबत नाही. भूसंपर्काची तार शाबूत असेल तर हा प्रवाह तिच्यावाटे जमिनीत निघून जातो. ती तुटली, अथवा कोणी तीन खिळांच्या जागी दोन खिळांचा जोड वापरला, तर त्यास दुसरी वाट शोधावी लागते. आणि ती वाट रोग्याच्या शरीरातून जाऊ शकते.

मनुष्याच्या बोटास साधारणतः १,००० मायक्रोअँपिअरच्या आसपासचा प्रवाह जाणवू लागतो. ज्या रोग्याच्या हृदयापर्यंत विद्युत्‌वाहक नळी किंवा तार पोहोचविलेली आहे, त्यास मात्र कातडीच्या रोधाचे संरक्षण उरत नाही. म्हणून हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या भागासाठी आंतरराष्ट्रीय मानकाने रोग्याकडे जाणाऱ्या गळतीची मर्यादा नेहमीच्या स्थितीत १० आणि एखादा दोष उद्भवला असता ५० मायक्रोअँपिअर इतकी ठेविली आहे. अर्थात पेटीस हात लावून ‘झटका बसत नाही, यंत्र ठीक आहे’ असे म्हणणे निरर्थक होय. तंत्रज्ञाच्या हातास मुळीच न जाणवणारा प्रवाह रोग्याच्या हृदयाची लय बिघडवू शकतो. मापकाखेरीज दुसरा साक्षीदार येथे नाही.

१९७१ साली अमेरिकेत राल्फ नेडर यांनी रुग्णालयांतील विजेच्या धक्क्याने दरवर्षी किमान १,२०० माणसे मरतात असे जाहीर केले होते. या आकड्यास पुरेसा पुरावा कधी मिळाला नाही. तथापि तेथील रुग्णालये नियमित तपासणीकडे वळली, त्यात या खळबळीचा वाटा होता.

हृदयाची बिघडलेली लय विजेच्या धक्क्याने पूर्ववत करणारे डीफिब्रिलेटर हे आणखी एक फसवे यंत्र. ते आठवडेच्या आठवडे कोपऱ्यात उभे असते, दिवा हिरवा दाखविते, आणि आतील विद्युत्‌घट मात्र जीर्ण झालेला असतो. त्याची परीक्षा ५० ओहम रोधाच्या मापकावर धक्का सोडून करतात. २०० ज्यूल ऊर्जा निवडली असता मापकावर १७० ते २३० या मर्यादेत आकडा यावा, आणि यंत्र भारित होण्यास लागणारा वेळही नोंदवावा. नोंदवहीत महिनोन्‌महिने एकाच शाईने ‘ठीक’ लिहिलेले आढळले, तर जाणत्या वरिष्ठास तेवढ्यावरूनच संशय येतो.

भारतात २०१५ साली केंद्र सरकारने यंत्रांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यापूर्वीच्या मोजणीत राज्याराज्यांतील सरकारी आरोग्यसंस्थांतील १३ ते ३४ टक्के उपकरणे निकामी आढळली होती. त्या कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातील यंत्रे ९५ टक्के काळ चालू असली पाहिजेत असे ठरविण्यात आले. हे प्रमाण गाठावयाचे म्हणून सदोष यंत्र चालू दाखविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. खाटा भरलेल्या असतात, दुसरे यंत्र नसते, आणि वरिष्ठ वैद्य ‘आजचा दिवस चालू द्या’ म्हणतात. वयाने व हुद्द्याने सर्वांत लहान असलेल्या या नोकरास तेव्हा मापकाचा आकडा त्यांच्यापुढे ठेवावा लागतो, यंत्रावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी बांधावी लागते आणि पर्यायी यंत्र कोठून आणता येईल याचा शोध त्याच तासाला सुरू करावा लागतो. दुरुस्तीनंतरही चिठ्ठी लगेच निघत नाही; पेटी बंद करून, स्क्रू आवळून, गळती पुन्हा मोजावी लागते, कारण पुष्कळदा भूसंपर्काची तार सैल होते ती दुरुस्तीच्या वेळीच.