सांध्यातून निसटलेलं लोखंड

सोलापूर म्हटलं की चादर आणि टॉवेल. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून शहराचं नाव सुताशी जोडलं गेलं, ते रास्तच आहे. पण याच शहरात 1992 साली यतीन शहा यांनी प्रिसिजन कॅमशाफ्ट्सची स्थापना केली आणि इथे ओतलेले कॅमशाफ्ट फोर्ड, जनरल मोटर्स, ह्युंदाई यांच्या इंजिनांत जाऊन बसले. 2016 मध्ये ही कंपनी शेअर बाजारात उतरली. सोलापुरात किर्लोस्कर फेरसचीही फाउंड्री आहे. या ओतकामातल्या एका कामाबद्दल सहसा कोणी लिहीत नाही, ते म्हणजे फेटलिंग: साच्यातून निघालेल्या जॉबवरचं जास्तीचं लोखंड काढणं.

कॅमशाफ्टचं उदाहरण घेऊ. इंजिनाचा क्रँक मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट 1500 घेतो, म्हणजे एकेक कॅम सेकंदाला 25 वेळा आपला व्हॉल्व्ह उघडतो. इतकी घासाघीस सोसायला कॅमचं तोंड अतिशय कडक हवं आणि बाकीचा दांडा मशीनवर कापता येईल इतपत मऊ हवा. हे दोन्ही एकाच ओतणीत साधतात. साच्यात कॅमच्या जागी लोखंडी चिल बसवलेले असतात. सुमारे 1400 अंशांचा रस त्यांना टेकला की झटकन थिजतो. कार्बनला ग्राफाइट व्हायला सवडच मिळत नाही, त्याचं कार्बाइड होतं आणि तेवढाच भाग कडक बनतो. हेच चिल्ड कास्ट आयर्न. सोलापूरच्या ओतकामातलं मला सर्वांत देखणं वाटणारं कौशल्य हेच.

असे कॅमशाफ्ट ओतायला शेल मोल्डिंग ही रुळलेली पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत योहानेस क्रोनिंग यांनी ती काढली. वाळूच्या कणाकणावर फिनॉलिक रेझिनचा लेप असतो, म्हणजे बेकेलाइटच्या कुळातलं प्लास्टिक. अडीचशे अंशांच्या आसपास तापलेल्या पॅटर्नवर, म्हणजे जॉबच्या आकाराच्या धातूच्या नमुन्यावर, ही वाळू पडली की रेझिन आधी वितळतं, मग कायमचं घट्ट होतं. सेंटिमीटरभर जाडीचं कवच तयार होतं. अशी दोन अर्धुकं एकमेकांना चिकटवली की साचा झाला.

दोन अर्धुकं आली म्हणजे सांधा आला. त्याला पार्टिंग लाइन म्हणतात. ती कितीही नेटकी बसवली तरी रसाला आपल्याच वजनाचा दाब असतो आणि तो मिळेल त्या फटीत शिरतो. तिथे जो पापुद्रा थिजतो तो फ्लॅश.

रबराच्या साच्यातही हेच घडतं. ओ-रिंग, ग्रोमेट, बुश यांच्या कडेला रबराची पातळ झालर राहते. ती कात्रीने नाहीतर ब्लेडने कापत बसावं लागतं. मोठ्या कारखान्यांत हे काम थंडीवर सोपवतात. भाग ड्रममध्ये घालून त्यात द्रवरूप नायट्रोजन सोडतात, ज्याचा उत्कलनबिंदू उणे 196 अंश आहे. पातळ झालर सगळ्यात आधी गारठते आणि ठिसूळ होते. जाड अंग अजून लवचिक असतानाच पॉलिकार्बोनेटच्या बारीक दाण्यांचा मारा केला की झालर मोडून पडते आणि भागाला इजा होत नाही. मात्र वेळ चुकली, भाग आतपर्यंत गारठला, तर तोही तडकतो. शिवाय नैसर्गिक रबर उणे 70 अंशांच्या आसपास काचेसारखं होतं, तर सिलिकॉनला उणे 120 च्या आसपास जावं लागतं. त्यामुळे प्रत्येक रबराचं गणित वेगळं बसवावं लागतं.

पातळ ते आधी थंड होतं. हा नियम रबरात कामगाराच्या बाजूने उभा राहतो, चिल्ड लोखंडात मात्र अंगावर येतो. फ्लॅश पातळ, म्हणून तो चिलशिवायच झटकन थिजतो आणि कॅमच्या तोंडाइतकाच कडक होऊ शकतो. कानस त्यावरून घसरते. हातोडीचा घाव चुकीच्या बाजूने बसला तर फ्लॅश तुटताना जॉबचा टवका घेऊन जातो, आणि तो खड्डा भरून निघत नाही. म्हणून घाव कोणत्या दिशेने घालायचा, कुठे थांबायचं आणि उरलेली धार ग्राइंडरवर कशी उतरवायची, हे हाताला माहीत असावं लागतं. या कामाला हलकं काम म्हणणाऱ्यांनी एक पाळी तिथे उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

त्या पाळीत आवाज असतो, ठिणग्या असतात. ग्राइंडरच्या सततच्या कंपनाने वर्षानुवर्षं काम केलेल्यांची बोटं पांढरी पडून बधिर होतात. सगळ्यात वाईट ती धूळ. जॉबला चिकटलेल्या वाळूतली सिलिका फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. या आजाराची खबर सरकारला देणं कायद्याने बंधनकारक आहे. नाकाला फडकं बांधून ही धूळ अडत नाही. ग्राइंडरच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणारा पंखा आणि बंदिस्त शॉट ब्लास्टिंग मशीन यांवर खर्च करावाच लागतो.

फेटलिंगवाल्याला सगळ्यात आधी कळणारी आणखी एक गोष्ट आहे. एकाच जागी, सगळ्या जॉबवर फ्लॅश जाड यायला लागला की पॅटर्न झिजलाय, अर्धुकं नीट चिकटत नाहीत किंवा आवळणीत ढिलाई आहे. जिथे सुपरवायझर त्याचं ऐकतो तिथे फेटलिंगवाला जॉब बाजूला ठेवून मोल्डिंगवाल्यांना बोलावतो, पॅटर्न खाली उतरतो आणि दुसऱ्या पाळीला ग्राइंडरवर निम्मंच काम उरतं.