सुवर्णांकित मानपत्रें



छापखाना निघण्यापूर्वीं युरोपांत ग्रंथ हातानें लिहीत आणि मोलाच्या ग्रंथांतील आद्याक्षरें व समास सोन्यानें व रंगांनीं शृंगारीत. ही कला आजही एका विलक्षण कारणासाठीं जिवंत आहे. तें कारण आणि त्या कलेची रीत आज आपणांस सांगावयाची आहे.

अमेरिकेंत बर्कले येथें १ मे १९६६ रोजीं कांहीं मंडळींनीं जुन्या सरदारी थाटाचा एक द्वंद्वसमारंभ भरविला. त्यांतून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनॅक्रॉनिझम’ ही संस्था उदयास आली. सतराव्या शतकापूर्वींचें जीवन स्वतः करून पाहून समजून घ्यावें, हा तिचा उद्देश. सभासद त्या काळचे पोषाख शिवतात, पक्वान्नें रांधतात, वेताच्या तरवारींनीं लढतात. आणि द्वंद्वांत जिंकणारा कांहीं महिने राजा होतो. राजा आला म्हणजे दरबार आला, आणि दरबार आला म्हणजे मानकरी आले. ज्यानें मेजवानीचीं भांडीं घासलीं किंवा नवख्यांना शिवणकाम शिकविलें, त्यालाही भर दरबारांत बोलावून मानपत्र देतात. हीं मानपत्रें संस्थेंतील लेखक हौसेनें, बहुधा विनामूल्य, तयार करतात.

मजकुराची धाटणी जुन्या सनदेची असते. प्रथम सर्व लोकांस उद्देशून मायना. मग मानकऱ्याचें नांव, त्याची कामगिरी व दिलेला मान. शेवटीं स्थळ, तिथि आणि राजाराणीच्या सह्या.

पूर्वीं हें लेखन वासराच्या कातड्यावर होई. तें चुन्यांत भिजवून, चौकटीवर ताणून वाळवीत. आज बहुधा जाड, गुळगुळीत कागद वापरतात. लेखणी हंसाच्या पिसाची. शाई मायफळांचा काढा, हिराकस व डिंक यांची. ती लिहितांना फिकी दिसते आणि हवा लागली म्हणजे काळी होते.

कामाचा क्रम मात्र कडक आहे. प्रथम रेघा आंखून अक्षरें लिहावयाचीं. कारण चूक व्हावयाची असेल तर ती सोनें चढण्यापूर्वीं झालेली बरी. मग जेथें सोनें हवें तेथें जिप्समची वस्त्रगाळ पूड, सरस व थोडी साखर यांचा लेप उंचवटा येईल असा द्यावयाचा. तो वाळल्यावर त्यावर तोंडाची वाफ सोडली कीं लेप ओलावून चिकट होतो, आणि त्याच क्षणीं वर्ख ठेवावा लागतो. नंतर अकीकाच्या घोटणीनें घोटलें म्हणजे सोनें आरशासारखें झळकतें. रंग त्यानंतरच द्यावयाचे. ते आधीं दिले तर वर्ख त्यांनाही चिकटतो आणि घोटतांना रंग खरवडला जातो. काळ्या कडा व बारीक पांढरे ठिपके अगदीं शेवटीं.

जुने रंग हिंगूळ, शेंदूर, हरताळ आणि जंगाल. हे आपल्या पोथ्यांच्या चित्रकारांसही परिचित होते. उंची निळा रंग बदख्शानच्या खाणींतील लाजवर्दाचा, म्हणून फार महाग. परंतु हिंगुळांत पारा, हरताळांत सोमल, शेंदरांत व सफेद्यांत शिसें असतें. आणि कुंचल्याला ओठांनीं टोंक आणण्याची संवय कित्येकांस असते! म्हणून आजचे शहाणे लेखक बहुधा निर्धोक तयार रंगच घेतात. निळ्या रंगाची कृत्रिम जात तर १८२८ च्या सुमारासच सिद्ध झाली होती.

या सर्व खटाटोपांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मधली ओळ, म्हणजे मानकऱ्यानें काय केलें ती. “सद्गुणी व कर्तव्यदक्ष” हे शब्द कोणालाही लागू पडतात. “दोनशें माणसांची पंगत उठल्यावर जो एकटा चुलीपाशीं राहिला” हे शब्द एकालाच लागू पडतात. शाळेंतील छापील प्रशस्तिपत्रांच्या गाळलेल्या जागा भरण्यांत माझीं कित्येक वर्षें गेलीं. त्यांत मुलाचें नांव असे, परंतु मूल क्वचितच असे.

ज्या श्रमांचे पैसे कोणी मोजले नाहींत, त्यांची पोंच येथें दुसऱ्या कोणाच्या तितक्याच निरपेक्ष श्रमांनीं दिली जाते. सोन्याचा वर्ख आपणांजवळ नसला तरी चालेल. आपल्या शाळेंत वा मंडळांत पुढील वेळीं कोणाचा गौरव करावयाचा असेल, तेव्हां एक कागद हातानें लिहावा, आणि त्या माणसानें नेमकें काय केलें तें त्यांत स्पष्ट सांगावें.