निळ्या दिव्याचें गणित

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या पुतणीस मुलगा झाला. पहिलें बाळंतपण म्हणून ती माहेरींच होती. घरांत चार पिढ्या एकत्र नांदत असल्यानें आनंदास पारावार उरला नाहीं. परंतु तिसऱ्या दिवशीं बाळाच्या डोळ्यांत व अंगावर पिवळी झांक दिसूं लागली. रक्त तपासून डॉक्टरांनीं सांगितलें कीं, बाळास निळ्या दिव्याखालीं ठेवावें लागेल. आमच्या वृद्ध काकूंना हें मुळींच रुचलें नाहीं. "नुसत्या दिव्यानें का कावीळ उतरते? त्यापेक्षां शेगडीची ऊब द्या, नाहीं तर कोवळ्या उन्हांत ठेवा," असें त्या म्हणाल्या. डॉक्टर पुढल्या रोग्याकडे निघून गेले व उत्तर देण्याचें काम आमच्यावर आलें. तें देतांना कॉलेजांत शिकून विसरलेलें एक गणित आम्हांला पुन्हां मांडावें लागलें.

प्रकाश सलग धारेसारखा वाहतो, असें आपणांस वाटतें. परंतु १४ डिसेंबर १९०० रोजीं बर्लिन येथें मॅक्स प्लांक यांनीं असें मांडलें कीं, तप्त पदार्थ ऊर्जेची देवघेव ठराविक पुंजांनीं करतात. १९०५ सालीं आइन्स्टाइन यांनीं तीच कल्पना खुद्द प्रकाशास लावली. प्रकाशाच्या या एकेका कणास आतां 'फोटॉन' म्हणतात. त्याची ऊर्जा काढण्याची रीत सोपी आहे. प्लांकच्या स्थिरांकास प्रकाशाच्या वेगानें गुणावें व त्या गुणाकारास तरंगलांबीनें भागावें. तरंगलांबी नॅनोमीटरांत, म्हणजे मीटरच्या एक अब्जांश भागांत, मोजली आणि ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या सूक्ष्म मापांत मांडली, तर तो गुणाकार सुमारें १२४० भरतो. एवढा एक आंकडा ध्यानांत ठेवला म्हणजे पुरे.

आतां प्रत्यक्ष हिशेब पाहूं. बाळावरील निळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारें ४६० नॅनोमीटर असते. १२४० ला ४६० नें भागलें असतां सुमारें २.७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात. तांबड्या प्रकाशाची लांबी ६५० धरली तर १.९१ येतात. निखाऱ्याची ऊब डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. त्यांची लांबी ३००० धरली तर अवघे ०.४१ येतात. लांबी जितकी अधिक, तितका कण दुबळा, हा या गणिताचा सारांश होय.

"मग दुबळे कण पुष्कळ असले म्हणजे झालें!" काकूंनीं लागलीच पेंच घातला. प्रश्न मार्मिक होता. आम्हीं म्हटलें, "काकू, माजघराच्या दाराची वरची कडी आठवा. ती काढण्यास एकच उंच माणूस पुरतो. परंतु लहान मुलें शंभर आलीं आणि एकामागून एक उड्या मारून गेलीं, तरी कडी जागची हालत नाहीं." पदार्थाचा रेणू सामान्यतः एका वेळीं एकच फोटॉन घेतो व तो घेतला तर सबंध घेतो. सात दुबळ्या कणांची बेरीज करून एका सबळ कणाचें काम भागत नाहीं. शेगडीनें अंग शेकतें खरें, पण कडी निघत नाहीं.

ही कडी म्हणजे काय, तेंही सांगितलें पाहिजे. रक्तांतील तांबड्या पेशी मोडल्या म्हणजे बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य उत्पन्न होतें. नवजात बालकाचें यकृत पुरतें तयार नसल्यामुळें तें सांचूं लागतें. फार वाढलें तर मेंदूस कायमची इजा होऊं शकते, म्हणून ही हयगय करण्याजोगी गोष्ट नव्हे. जें द्रव्य पिवळें दिसतें तें निळा प्रकाश शोषून घेतें. म्हणूनच येथें निळा दिवा लागू पडतो. निळा कण शोषतांच बिलिरुबिनच्या रेणूची घडण पालटते, आणि तो पाण्यांत विरघळण्याजोगा होऊन पित्तावाटे व मूत्रावाटे बाहेर पडतो.

काकूंच्या उन्हाची गोष्ट मात्र अगदींच टाकाऊ नव्हती. १९५६ सालीं इंग्लंडांत रॉचफर्डच्या रुग्णालयांत सिस्टर वॉर्ड या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बालकांना उन्हांत नेत असत. एका बाळाचें अंग उजळलें होतें आणि चादरीनें झांकलेला भाग तेवढा पिवळा राहिला होता, हें त्यांनीं डॉक्टरांना दाखविलें. त्यावरून डॉ. क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रयोग करून १९५८ सालीं या उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. म्हणजे मूळ गुरु ऊनच! परंतु उन्हांत निळ्याबरोबर जंबुपार किरणही येतात. ३०० नॅनोमीटर लांबीच्या अशा कणाची ऊर्जा ४.१३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. इतकी कीं, ती कोवळी त्वचा पोळते आणि पेशींतील आनुवंशिक द्रव्यासही अपाय करते. शिवाय उन्हाचें माप घेतां येत नाहीं आणि उघडें बाळ तापतें किंवा गारठतें. दिव्यांत हव्या त्या बळाचेच कण निवडून घेतां येतात.

काकू ऐकून घेऊन गप्प राहिल्या. सायंकाळीं मात्र डोळ्यांस पट्टी बांधून उघड्या अंगानें निजलेल्या बाळाकडे कांचेंतून पाहात त्या बराच वेळ उभ्या होत्या. दोन दिवसांनीं रक्तांतील आंकडा उतरला व बाळ आईच्या कुशींत आलें.

आमच्या वाचकांस एवढेंच सांगणें आहे कीं, बाळ पिवळें दिसूं लागल्यास घरीं उन्हाचे वा शेगडीचे प्रयोग करण्यांत वेळ दवडूं नये. रक्त तपासून घ्यावें आणि कोणता उपाय केव्हां करावा, हें डॉक्टरांस ठरवूं द्यावें. घरांतील वडीलधाऱ्यांच्या शंकांस मात्र हंसून उडवून लावूं नये. आम्हांला हें गणित नीट उमगलें, तें काकूंनीं पेंच घातला म्हणूनच.