गती आणि स्थैर्य : जपानी सचेतनपटांचा आस्वाद

जपानी सचेतनपट प्रथमच पाहणाऱ्या प्रेक्षकाची एक तक्रार बहुधा ठरलेली असते. यातील माणसे फारशी हलतच नाहीत, असे तो म्हणतो. बोलताना केवळ ओठ हलतात, बाकीचा चेहरा स्थिर असतो. एखादे आभाळ किंवा रिकामा रस्ता पडद्यावर बराच वेळ तसाच राहतो. ही तक्रार निराधार नाही. परंतु तेवढ्यावरून ही कला हलक्या प्रतीची ठरवणे घाईचे होईल. त्यासाठी या स्थैर्याचे मूळ पाहिले पाहिजे.

चित्रपटाच्या फितीवरील २४ चौकटी दर सेकंदाला पडद्यावर उमटतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले तर सेकंदाला १२ चित्रे लागतात. तीन चौकटींसाठी वापरले तर आठच पुरतात. तोएई या चित्रसंस्थेचा ‘हाकुजादेन’ हा जपानमधील पहिला पूर्ण लांबीचा रंगीत सचेतनपट १९५८ साली प्रदर्शित झाला. पुढे १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांच्या ‘तेत्सुवान आतोमु’ या दूरचित्रवाणी-मालिकेचा आरंभ झाला. दर आठवड्यास अर्ध्या तासाचा एक भाग तयार करावयाचा, आणि हाताशी पैसा व माणसे मर्यादित! तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शन या संस्थेने चित्रांची संख्या कमी केली, जुनी चित्रे जपून पुनःपुन्हा वापरली आणि स्थिर चित्रावरून कॅमेराच फिरवला. स्थैर्य हे अशा रीतीने प्रथम काटकसरीचे अपत्य होते.

मात्र गरजेपोटी आलेल्या या रीतीतून पुढे अभिव्यक्तीची एक भाषा घडली. त्याच संस्थेत तयार झालेले दिग्दर्शक ओसामु देझाकी यांनी १९७० साली सुरू झालेल्या ‘आशिता नो जो’ या मुष्टियोद्ध्याच्या कथेपासून एक वेगळा प्रयोग आरंभिला. भावनेचा क्षण परमोच्च बिंदूला पोहोचला की हालचाल थांबते आणि चौकट जणू रंगवलेले चित्रच होऊन जाते. आपण आठवतो तेव्हा गतकाळ असाच थबकलेल्या चित्रांच्या रूपाने समोर येतो. येथे स्थैर्य ही उणीव राहिली नाही.

तोएईच्या परंपरेत वाढलेल्या हायाओ मियाझाकी आणि इसाओ ताकाहाता यांचे दोन चित्रपट १६ एप्रिल १९८८ या एकाच दिवशी प्रदर्शित झाले. मियाझाकींच्या ‘तोनारी नो तोतोरो’मध्ये एक लहान मुलगी झोपेने पेंगणाऱ्या बहिणीला पाठीशी घेऊन, पावसात, वडिलांच्या बसची वाट पाहत उभी आहे. शेजारी एक अजस्र वनचर येऊन उभा राहतो. फारसे काही घडत नाही. झाडावरून थेंब गळतात, एवढेच. पण या संथपणामुळेच वाट पाहण्याचा काळ प्रेक्षकाच्या अनुभवाला येतो.

ताकाहातांचा ‘होतारु नो हाका’ हा अकियुकी नोसाका यांच्या १९६७ मधील कथेवर आधारलेला आहे. १९४५ च्या बाँबहल्ल्यात कोबे शहर जळते. आई गंभीर भाजली आहे. परंतु धाकट्या बहिणीला हे सांगणे भावाला जमत नाही. ती रडू लागते. तिची समजूत कशी घालावी हे न सुचून तो शाळेच्या पटांगणातील लोखंडी दांडीवर गिरक्या घेऊ लागतो. कॅमेरा दूरच राहतो. रडणारे मूल आणि गिरक्या घेणारा मुलगा, दोघेही मोकळ्या पटांगणात इवलेसे दिसतात. चेहरा जवळून दाखवून अश्रू मागणे सोपे होते. दिग्दर्शकाने ते टाळले, आणि म्हणूनच ते दुःख खोटे वाटत नाही. ताकाहातांनी स्वतः नवव्या वर्षी ओकायामावरील बाँबहल्ला अनुभवला होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तथापि काटकसरीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. मुशी प्रॉडक्शनचे १९७३ साली दिवाळे निघाले. दोन मुख्य चित्रांमधील हालचालींची चित्रे काढणाऱ्या कारागिरांना चित्रागणिक मिळणारा मोबदला तुटपुंजा असतो, हा या व्यवसायातील जुना व अद्याप न मिटलेला प्रश्न आहे. पडद्यावर जे मौन आपल्याला सुंदर वाटते, त्याची किंमत कोणीतरी चुकवलेली असते.

तेव्हा असा चित्रपट पाहताना प्रथम कथेत रमावे. दुसऱ्या वेळी मात्र एखादे दृश्य आवाज बंद करून पाहावे आणि स्वतःला विचारावे : येथे काय हलत आहे, काय हलत नाही, आणि का? पुष्कळदा केवळ पैसे वाचवले आहेत, असेच उत्तर मिळेल. परंतु जेथे ते स्थैर्य पात्राच्या मनाशी जुळलेले आढळेल, तेथे कारागिरी संपून कलेला प्रारंभ झाला, असे समजण्यास हरकत नाही.