परसातील कोंबड्यांच्या पिल्लांची मरतूक

परसातील कुक्कुटपालनात अंड्यातून बाहेर पडल्यापासून साधारणतः पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत होणाऱ्या पिल्लांच्या मृत्यूंना '''पिल्लांची मरतूक''' म्हणतात. आजारी पिल्लांची बाह्य लक्षणे बहुतांशी सारखीच असतात: पंख पाडणे, डोळे मिटून कोपऱ्यात बसणे, खाणे सोडणे. त्यामुळे अशा मृत्यूंचे कारण अनेकदा अज्ञात मानले जाते. मात्र मृत्यूच्या वेळचे वय, विष्ठेचे स्वरूप आणि शवविच्छेदन यांवरून बहुतेक वेळा कारणाचा माग लागतो.

== वयानुसार कारणे ==

=== पहिला आठवडा ===
नवजात पिल्लू पोटात उरलेल्या बलकावर सुमारे दोन ते तीन दिवस जगू शकते. या काळात खाणे-पिणे न शिकलेली पिल्ले त्यानंतर एकाएकी मरू लागतात. हा रोग नसून उपासमार असते. अस्वच्छ उबवणीमुळे बेंबीतून जिवाणूंचा, विशेषतः ई. कोलायचा, संसर्ग झाल्यास पोट फुगते, बेंबी ओलसर राहते आणि दुर्गंधी येते.

खुडूक कोंबडीविना वाढणाऱ्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५° सेल्सिअस तापमान लागते. पुढे ते दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी केले जाते. थंडी वाजल्यास पिल्ले एकमेकांवर चढतात व खालची गुदमरतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइडमुळे कोणतेही लक्षण न दिसता पिल्ले दगावू शकतात.

=== दुसरा व तिसरा आठवडा ===
पुलोरम रोगात पांढरी हगवण होऊन गुदद्वाराभोवती विष्ठा चिकटते. याचे जिवाणू निरोगी दिसणाऱ्या वाहक कोंबडीकडून अंड्यातून पिल्लात येतात. त्यामुळे खुराडे स्वच्छ ठेवूनही त्याच कोंबडीच्या पुढील पिल्लांत रोग पुन्हा उद्भवतो.

=== तिसरा ते सहावा आठवडा ===
आयमेरिया या एकपेशीय परजीवींमुळे होणारी रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) या वयात अधिक आढळते. विष्ठेतून पडलेल्या परजीवींच्या अंडपेशी उबदार व ओलसर तुसात एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. म्हणून पावसाळ्यात हा रोग बळावतो. गंबोरो रोगही याच वयात होतो. मानमोडी (राणीखेत) मात्र कोणत्याही वयात होते.

== खाद्यातील विष ==
१९६० मध्ये इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पिल्ले मरण पावली. कारण न कळल्याने या रोगास 'टर्की एक्स' असे नाव पडले. पुढे त्याचा माग ब्राझीलहून आयात केलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत लागला. पेंडीवरील अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेल्या विषास अफ्लाटॉक्सिन हे नाव देण्यात आले. बुरशी दिसेनाशी झाली, तरी विष खाद्यात टिकून राहू शकते; त्यामुळे बुरशी लागलेला मका किंवा पेंड वाळवून वापरणेही सुरक्षित नसते.

== निदान ==
शवविच्छेदनासाठी नुकतेच मेलेले पिल्लू बर्फात थंड ठेवून (न गोठवता) पशुवैद्यकाकडे नेतात. सोबत एखादे आजारी जिवंत पिल्लू असल्यास निदान सुकर होते. शोषला न गेलेला बलक, रक्ताने भरलेले अंधांत्र किंवा यकृतावरील ठिपके यांवरून कारणाची दिशा मिळते. निदानापूर्वी दिलेल्या प्रतिजैविकांमुळे जिवाणूंची तपासणी फसवी ठरू शकते. शिवाय मानमोडी व गंबोरो हे विषाणूजन्य रोग असल्याने प्रतिजैविकांनी बरे होत नाहीत.

== प्रतिबंध ==
* तूस कोरडे ठेवणे व पाण्याची भांडी रोज धुणे
* पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी वाढवणे
* पहिल्या आठवड्यात लासोटा व दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गंबोरो लस देणे
* प्रत्येक मृत्यूची तारीख, पिल्लाचे वय व लक्षणे नोंदवणे

== सामूहिक मृत्यू ==
थोड्या काळात अनेक पक्षी मेल्यास बर्ड फ्लूची शक्यता विचारात घ्यावी लागते. भारतातील कोंबड्यांमधील एच५एन१ विषाणूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. हा विषाणू माणसालाही बाधित करू शकतो. त्यामुळे अशा वेळी मृत पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श न करणे, ते उघड्यावर न टाकणे, उरलेले पक्षी न विकणे आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवणे आवश्यक असते.